धनुष्याला मिळालेला सप्टेंबर

1895 मध्ये वायोमिंग राज्यात सात एल्क मारल्याच्या आरोपावरून रेस हॉर्स नावाच्या माणसाला अटक झाली. एल्क हे उत्तर अमेरिकेतलं थोराड हरिण. पुरा वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो, म्हणजे आपल्याकडच्या भरदार सांबरालाही मागे टाकतो. रेस हॉर्स बॅनॉक जमातीचा होता. 1868 मध्ये फोर्ट ब्रिजर इथे त्याच्या लोकांनी आणि शोशोनी लोकांनी अमेरिकी सरकारशी तह केला होता. सरकारच्या मालकीच्या, वस्ती नसलेल्या जमिनींवर शिकार करण्याचा हक्क त्यांनी त्या तहात राखून ठेवला होता. पुढे 1890 मध्ये वायोमिंग राज्य झालं आणि राज्याने शिकारीचे स्वतःचे कायदे केले. 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राज्य झालं त्याच दिवशी तहातला तो हक्क संपला. ही चूक दुरुस्त व्हायला 2019 साल उजाडावं लागलं. क्रो जमातीच्या एका शिकाऱ्याने बिगहॉर्नच्या राष्ट्रीय जंगलात मारलेल्या एल्कवरून ‘हेरेरा विरुद्ध वायोमिंग’ हा खटला उभा राहिला, आणि पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने मान्य केलं की राज्य स्थापन झालं म्हणून तहातला हक्क मरत नाही.

सार्वजनिक जमिनीवर धनुष्यबाणाने होणाऱ्या एल्कच्या शिकारीचा इतिहास सांगताना सुरुवात सहसा विसाव्या शतकातल्या छंदी तिरंदाजांपासून होते. मला ते पटत नाही. ज्या डोंगरांना आज ‘सर्वांची जमीन’ म्हणतात ते आधी कुणाचे तरी होते, आणि धनुष्यही त्यांचंच होतं. यलोस्टोनच्या परिसरात राहणारे तुकुडिका शोशोनी रानमेंढ्याची शिंगं उष्णतेने मऊ करून सरळ करत, त्यांना पाठीमागून स्नायुरज्जूंच्या तंतूंचा थर चढवत आणि त्यापासून आखूड, कमालीची ताकदवान धनुष्यं बनवत. ही धनुष्यं इतर जमातींमध्येही मोठ्या किमतीला जात. एल्क, बाण आणि डोंगर यांचं नातं तेव्हाच जुळलेलं होतं. नंतर जे झालं ते या नात्याचं तुटणं आणि निराळ्या लोकांच्या हातून पुन्हा जुळणं.

तुटणं फार झपाट्याने झालं. युरोपीय लोक येण्याआधी या खंडात सुमारे एक कोटी एल्क असावेत असा अंदाज सांगितला जातो. विसावं शतक उजाडलं तेव्हा लाखभरही उरले नव्हते. खाणकामगारांच्या वस्त्यांना मांस हवं होतं, बाजाराला कातडी हवी होती. त्यातही सर्वांत लाजिरवाणी गोष्ट दातांची. एल्कच्या वरच्या जबड्यात हस्तिदंतासारखे दोन सुळे असतात. ‘एल्क्स’ नावाच्या बंधुमंडळाचे सभासद ते घड्याळाच्या साखळीला लावून मिरवत. त्या दोन दातांसाठी जनावर पाडायचं आणि उरलेलं धूड तिथेच सडू द्यायचं, असा धंदा वायोमिंगमध्ये चालला. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान 1872 मध्ये झालं खरं, पण तिथल्या चोरट्या शिकारीला शिक्षा देणारा कायदा यायला 1894 उजाडलं. 1912 मध्ये वायोमिंगमधल्या जॅक्सनला एल्कसाठी आश्रयस्थान उभं राहिलं. यलोस्टोनच्या आसपास वाचलेल्या कळपांतून जनावरं पकडून रेल्वेने दूरदूरच्या राज्यांत नेली गेली. अ‍ॅरिझोनातला मूळचा एल्क नामशेष झाला होता. तिथे 1913 मध्ये यलोस्टोनचे 83 एल्क सोडले गेले. आजचे तिथले नावाजलेले कळप त्यांच्यापासून वाढले.

याच काळात जमिनीचंही ठरत गेलं. 1891 च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना जंगलं राखून ठेवण्याचा अधिकार मिळाला. 1905 मध्ये गिफर्ड पिंशो यांच्या हाताखाली वनसेवा सुरू झाली. थिओडोर रूझवेल्ट यांनी राखीव जंगलांचं क्षेत्र कैक पटींनी वाढवलं. शेतीला योग्य सपाटी, नदीकाठ, पाण्याच्या जागा आधीच खासगी हातांत गेल्या होत्या. उंच, उतरणीचं, कोरडं, कुणालाही नको असलेलं रान सरकारकडे उरलं. पूर्वी गवताळ मैदानांतही चरणारा एल्क माणसाच्या रेट्याने या रानात चढला. आज अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे सुमारे 64 कोटी एकर जमीन आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या आठपटीहून जास्त, आणि तिच्यातला मोठा भाग पश्चिमेच्या राज्यांत आहे. परवाना काढावा, तंबू पाठीवर घ्यावा आणि कुणाची परवानगी न विचारता त्या रानात शिरावं, ही मुभा तिथल्या सामान्य माणसाला मिळाली. युरोपात मोठी शिकार शतकानुशतकं राजेरजवाड्यांची आणि जमीनदारांची राहिली होती. अमेरिकेतल्या सुताराला आणि शाळामास्तरालाही ती करता आली, हे मला त्या देशाच्या खऱ्या लोकशाही गोष्टींपैकी एक वाटतं.

धनुष्य मात्र परत आलं ते एका एकाकी माणसाच्या हातून. 1911 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलजवळ उपाशी, थकलेला एक माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या जमातीच्या कत्तलीतून उरलेला तो शेवटचा. त्याने आपलं नाव कधी सांगितलं नाही. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हणायला सुरुवात केली. सान फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहू लागला, आणि तिथे त्याची गाठ सॅक्स्टन पोप या शल्यचिकित्सकाशी पडली. पोप त्याचे डॉक्टर झाले, मग मित्र, मग शिष्य. इशीने त्यांना ज्युनिपरच्या लाकडाचं धनुष्य तासायला शिकवलं, हरणाच्या शिंगाच्या टोकाने ज्वालाकाचेचं बाणटोक घडवायला शिकवलं. ओठांवर बोटं टेकवून सशाच्या पिल्लाच्या आक्रोशासारखा आवाज काढायचा आणि जनावराला आपल्याकडे बोलवायचं, हेही शिकवलं. जनावराच्या मागे धावण्यापेक्षा त्याला जवळ येऊ द्यायचं, हा धनुर्धाऱ्याच्या शिकारीचा गाभा पोप यांना इशीकडून मिळाला. 1916 मध्ये इशी क्षयाने गेला. पोप आणि त्यांचे जोडीदार आर्थर यंग यांनी पुढे धनुष्य घेऊन यलोस्टोनमध्ये कॅलिफोर्नियाच्या विज्ञान अकादमीसाठी ग्रिझली अस्वलं मारली, आफ्रिकेत सिंहांवर गेले. पोप यांचं ‘हंटिंग विथ द बो अँड अ‍ॅरो’ 1923 मध्ये आलं आणि अमेरिकेत घरोघरी लोक यू झाडाच्या लाकडाचे दांडे तासू लागले.

तासणाऱ्यांत आल्डो लिओपोल्डही होते. पुढे भूमीविषयीच्या नीतिविचारासाठी जगभर ओळखले गेलेले लिओपोल्ड आधी न्यू मेक्सिकोत वनसेवेत होते. त्यांच्याच आग्रहाने 1924 मध्ये तिथल्या गीला जंगलाचा मोठा भाग रस्त्यांशिवाय राखला गेला. अशा प्रकारे राखलेलं ते पहिलं रान. नंतर त्याच गीलामध्ये ते स्वतः घडवलेलं धनुष्य घेऊन हरणांमागे फिरले. तिथला मूळचा एल्क तेव्हा संपलेला होता. आज बाहेरून आणलेल्या एल्कच्या वंशजांमुळे गीलाचा परवाना मिळावा म्हणून लोक वर्षानुवर्षं सोडतीत नाव घालतात.

1934 मध्ये विस्कॉन्सिनने आधुनिक काळातला पहिला खास धनुष्याचा शिकारी हंगाम जाहीर केला. हळूहळू बाकीच्या राज्यांनीही तसे हंगाम दिले. पश्चिमेकडच्या राज्यांत या हंगामाला जी वेळ मिळाली तिच्यात या साऱ्या इतिहासाचं मर्म आहे. सप्टेंबरमध्ये एल्क माजावर येतो. एरवी सावध, अबोल असणारा नर त्या तीन-चार आठवड्यांत पहाटे-संध्याकाळी हाळी देत राहतो. खर्जात सुरू होऊन चढत जाणारी, शिटीसारखी टोकदार होणारी आणि शेवटी हुंकारांत तुटणारी ती हाळी दरीपलीकडूनही ऐकू येते. प्रतिस्पर्ध्याच्या आवाजाला तो उत्तर देतो, मादीच्या आवाजामागे येतो. बंदूकवाल्यांना अशा वेळी रान मोकळं दिलं तर कळपातले नर राहणार नाहीत, म्हणून बंदुकीचा मुख्य हंगाम बहुतेक ठिकाणी माज ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ठेवला गेला. धनुष्यवाल्यांना सप्टेंबर दिला गेला, कारण त्यांच्याकडून फारसे एल्क मरतच नव्हते. हत्यार दुबळं, म्हणून वेळ सर्वांत चांगली. हा करार कुठल्या कायद्यात शब्दांनी लिहिलेला नाही, पण पुढची सगळी व्यवस्था त्याच्यावर उभी राहिली.

दुबळं म्हणजे किती, ते नीट समजून घ्यायला हवं. लाकडी धनुष्य घेतलेल्या माणसाला एल्कच्या वीस-पंचवीस पावलांच्या आत जावं लागतं. एल्कचं नाक त्याच्या डोळ्यांपेक्षाही तिखट. पहाटे थंड हवा डोंगरावरून दरीत उतरत असते, ऊन तापलं की तीच हवा उलटी वर चढू लागते. सकाळी वरच्या अंगाला बसलेल्या माणसाचा वास खालच्या कळपाला जातो, दुपारी खालच्या माणसाचा वरच्या कळपाला. हे गणित चुकलं की झाडीतून फांद्या मोडल्याचा आवाज येतो आणि कळप पुढच्या खोऱ्यात गेलेला असतो. बाणाला गोळीसारखा धक्का नसतो. रुंद, धारदार पात्याने फुप्फुसं छेदली गेली तरच जनावर लवकर मरतं. म्हणून बाण सोडल्यावर जागेवरच थांबावं लागतं, घाईने मागे लागलं तर जखमी एल्क मैलोन्मैल जातो. बाण चुकीच्या जागी लागला तर तो सापडतही नाही. या शिकारीत हे घडतं, आणि कुठल्याही प्रामाणिक धनुर्धाऱ्याला त्याची टोचणी असते. सगळं नीट जुळलं तरी खरं काम तिथून पुढे सुरू होतं. सप्टेंबरच्या उन्हात मांस टिकत नाही. लगेच कातडं उतरवून, तुकडे करून, कापडी पिशव्यांत भरून सावलीत टांगायचं आणि पाठीवरून खेपा करत गाडीपर्यंत आणायचं. मागचा एकच पाय तीसेक किलोंचा भरतो. खाण्याजोगं मांस रानात टाकून देणं पश्चिमेच्या राज्यांत गुन्हा आहे. दातांसाठी एल्क मारणाऱ्यांच्या काळानंतर हा बदल आला, आणि तो मला फार मोठा वाटतो.

1961 मध्ये ग्लेन सेंट चार्ल्स यांच्या पुढाकाराने ‘पोप अँड यंग क्लब’ स्थापन झाला. धनुष्याने मोठी शिकार खरोखर होते आणि ती जनावराला विनाकारण हाल न देता होते, हे राज्यांच्या शिकार खात्यांना पटवणं हा त्यामागचा मोठा हेतू होता. मिशिगनमधल्या ग्रेलिंगचे फ्रेड बेअर आपल्या चित्रफितींमधून हा छंद गावोगाव नेत होते. अजून सगळं त्या जुन्या मापात होतं.

माप बदललं मिसूरीतल्या एका माणसाने. हॉलिस विल्बर अ‍ॅलन यांनी धनुष्याची टोकं कापून तिथे मध्य सोडून बसवलेल्या कप्प्या लावल्या. 1966 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, 1969 च्या डिसेंबरात ते मिळालं. साध्या धनुष्याची दोरी जितकी ओढावी तितका ताण वाढत जातो आणि पूर्ण ओढल्यावर तो सर्वांत जास्त असतो. त्यामुळे नेम धरायला क्षण-दोन क्षणच मिळतात. अ‍ॅलन यांच्या कप्प्या पूर्ण ओढीच्या जागी फिरून जातात आणि ताण एकदम उतरतो. हल्लीच्या कंपाऊंड धनुष्यांत तो ऐंशी टक्क्यांहूनही जास्त उतरतो. सत्तर पौंडांचं धनुष्य ओढलेला माणूस बोटांवर दहा-पंधरा पौंड पेलत, जनावर झाडाआडून बाहेर येईपर्यंत थांबू शकतो. बाणाचा वेगही जुन्या धनुष्याच्या दीडपट-दुप्पट झाला. कॅलिफोर्नियातले धनुष्य बनवणारे टॉम जेनिंग्ज यांनी ही कल्पना उचलली आणि सत्तरच्या दशकात कंपाऊंड दुकानादुकानांत पोहोचलं. जुन्या तिरंदाजांनी तेव्हा खूप वाद घातला. ‘पोप अँड यंग क्लब’ने तर पासष्ट टक्क्यांहून जास्त ताण उतरवणाऱ्या धनुष्याने केलेली शिकार कित्येक वर्षं आपल्या नोंदवहीत घेतली नाही. मग तीही घेतली, खूण करून. मला या वादात जुने लोक बरोबर होते असं वाटतं. त्यांना पुढचं दिसत होतं.

पुढे एकेक भर पडत गेली. टर्की पक्ष्यांसाठी वापरायची, तोंडात धरायची पातळ रबरी पट्टी एल्कच्या आवाजासाठी वापरली जाऊ लागली. जी हाळी द्यायला पूर्वी वर्षं घालवावी लागत, ती कॅसेट ऐकून हिवाळ्याभरात शिकता येऊ लागली. लेझरचं अंतरमापक आलं. वीस पावलांची मर्यादा चाळीसवर गेली, काहींसाठी साठवर. वाटांवर लावलेले कॅमेरे फोनवर छायाचित्रं पाठवू लागले. अ‍ॅरिझोनासारख्या राज्यात पाणवठ्यांवर अशा कॅमेऱ्यांची गर्दी इतकी झाली की 2022 पासून तिथे शिकारीसाठी त्यांचा वापर बंद करावा लागला.

पण धनुष्यापेक्षाही खोल बदल केला तो नकाशाने. 1862 च्या कायद्यानंतर रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही अंगांनी जमिनी दिल्या गेल्या त्या एकाआड एक चौरस मैलाच्या चौकोनांत. वायोमिंगमध्ये आजही लांबवर बुद्धिबळाच्या पटासारखी जमीन पसरलेली आहे, एक घर सरकारी, शेजारचं खासगी. सरकारी चौकोनातून तिरपं दुसऱ्या सरकारी चौकोनात जायचं तर मधल्या एका बिंदूवरून पाऊल टाकावं लागतं. तो बिंदू जमिनीवर नेमका कुठे आहे हे कागदी नकाशावरून कळणं अवघड, त्यामुळे कुणी धाडस करत नसे. 2009 मध्ये मोंटानातल्या मिसूला इथे सुरू झालेल्या ‘ऑन-एक्स’ या कंपनीने जमिनीच्या मालकीच्या सीमा आधी जीपीएस यंत्रावर आणि मग प्रत्येकाच्या फोनवर आणल्या. याच कंपनीच्या गणनेप्रमाणे पश्चिमेत 83 लाख एकर सार्वजनिक जमीन अशा कोपऱ्यांमागे अडकलेली आहे. 2021 मध्ये मिसूरीतले चार शिकारी वायोमिंगच्या एल्क माउंटनवर आले. खासगी जमिनीला पाय लागू नये म्हणून त्यांनी कोपऱ्यावर शिडी उभी केली आणि तिच्यावरून पलीकडे उतरले. जमीनमालकाने फौजदारी तक्रार केली, ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं. मग आपल्या जमिनीवरची हवा ओलांडली म्हणून लाखो डॉलरांच्या भरपाईचा दिवाणी दावा आला. गुराख्यांच्या काळातला, सरकारी जमिनीला कुंपण घालून अडवणं बेकायदा ठरवणारा 1885 चा कायदा न्यायालयाने पुढे काढला. 2025 च्या मार्चमध्ये अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणात हात घालायला नकार दिला. त्या अपील न्यायालयाच्या हद्दीतल्या राज्यांत आता कोपरा ओलांडता येतो.

या विजयाचा मला आनंद आहे. पण ज्या नकाशाने कोपरे उघडले त्यानेच रानातल्या साऱ्या गुपित जागा सर्वांना दाखवल्या. पूर्वी एखादं खोरं कुणा बापाने मुलाला दाखवलेलं असे, किंवा पायाला फोड येईपर्यंत चालून सापडलेलं असे. आता दूरच्या राज्यातला माणूस हिवाळ्यात घरी बसून पाणवठे, उतार, गाडी लावायच्या जागा टिपून ठेवतो. त्यात चलच्चित्रांची भर पडली. सप्टेंबरच्या धुक्यात हाळी देणारा एल्क आणि पाठीवर मांस घेऊन उतरणारा दमलेला माणूस लाखो लोकांनी पडद्यावर पाहिला. 2020 च्या साथीत माणसं घराबाहेर पडायला आसुसली तेव्हा या रानांत गर्दीची लाट आली.

कोलोरॅडोत जगातले सर्वांत जास्त एल्क आहेत, पावणेतीन लाखांच्या आसपास. तिथे कितीतरी वर्षं बाहेरच्या राज्यातला कुणीही दुकानात जाऊन धनुष्याच्या एल्कचा परवाना विकत घेऊ शकत असे, सोडत नाही, मर्यादा नाही. नवख्या माणसासाठी ते प्रवेशद्वार होतं. 2025 पासून राज्याच्या पश्चिम भागात बाहेरच्यांसाठी ही खुली विक्री बंद झाली. आता त्यांना सोडतीत उतरावं लागतं. आयडाहोने बाहेरच्यांच्या परवान्यांवर विभागवार मर्यादा घातली, ओरेगॉनने 2022 मध्ये पूर्वेकडच्या बऱ्याच भागांत धनुष्याची खुली शिकार थांबवली.

एल्कनेही आपला जबाब दिला आहे. कोलोरॅडोतल्या व्हाइट रिव्हर भागात गळ्यात रेडिओ-पट्टे घातलेल्या एल्कच्या अभ्यासात दिसलं की धनुष्याचा हंगाम सुरू होताच जनावरं सार्वजनिक जंगल सोडून खासगी जमिनींकडे सरकतात. म्हणजे पायी फिरणाऱ्या सामान्य माणसाच्या वाटचं रान रिकामं होतं आणि पैसे मोजून कुंपणाआत शिकार करणाऱ्याचं भरतं. शिवाय गर्दीत हाळीला ओ द्यायची नाही हे शहाणे नर लवकर शिकतात.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा मार्ग जवळपास बंद केला. त्याच वर्षी अमेरिकेत धनुष्य आणि बाणांच्या विक्रीवरचा अकरा टक्के कर वन्यजीवांच्या कामाला जोडला गेला. बंदुकांवर तो 1937 पासून होताच. आपली वाट वेगळी होती आणि आपल्या परिस्थितीत ती योग्य होती. पण तिथे एल्क लाखाच्या खालून दहा लाखांच्या आसपास आला तो शिकाऱ्यांच्या परवान्यांच्या पैशावर, हेही मान्य करायला हवं. 2017 मध्ये सार्वजनिक जमीन विकण्याचं विधेयक आलं आणि 2025 मध्ये अर्थसंकल्पाच्या विधेयकात लाखो एकर विकण्याची तरतूद घुसवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा दोन्ही वेळा माघार घ्यायला लावणाऱ्यांत हे शिकारी पुढे होते. म्हणून त्यांची संख्या कमी करणं हा मला उपाय वाटत नाही. सोडतीत दरवर्षी रिकाम्या हाताने परतणारा माणूस दहा वर्षांनी त्या जमिनीसाठी कशाला भांडेल?

कमी करायचंच तर हत्याराचं बळ कमी करावं. युटाने 2024 पासून ठासणीच्या बंदुकांवरच्या मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणी बंद केल्या, माणसं तेवढीच ठेवली. कप्पीच्या धनुष्याबाबत तसं पाऊल उचलायला अजून फार थोडे तयार आहेत, कारण त्यामागे मोठा व्यापार आहे आणि लाखो लोकांच्या घरात ती धनुष्यं टांगलेली आहेत. तरी निदान काही खोऱ्यांत सप्टेंबर फक्त साध्या, कप्पी नसलेल्या धनुष्याला द्यावा आणि तिथे परवाना पुन्हा दुकानात मिळू द्यावा. वीस पावलांवर जावं लागेल, बहुतेक जण मोकळ्या हाताने उतरतील, आणि पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा जाता येईल.